सोबत सुटली की व्यायाम का सुटतो?

वाचकांचे प्रश्न, व्यायामशिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : ताई, माझं वय ४३, नोकरी दिवसभर बसून करायची. मी आणि माझी मैत्रीण दोन वर्षं रोज पहाटे भरभर चालायला जायचो, आल्यावर थोडे हातपाय हलवायचो. तिची बदली झाली आणि माझं सगळंच थांबलं. बूट दाराशी पडून आहेत. गजर लावून झाला, आरशावर चिठ्ठी चिकटवून झाली, मोबाइलवर स्फूर्तीचे व्हिडिओ बघून झाले. दोन दिवस उत्साह, तिसऱ्या दिवशी पांघरूण डोक्यावर. ऑफिसात माझं एक काम मागे राहत नाही, मग इथेच असं का होतं? एकटीने व्यायाम करायचा तर उत्साह टिकवायचा कसा?

उत्तर : आधी एक मिटवून टाकू. तुम्ही आळशी नाही. आळशी माणूस दोन वर्षं पहाटे उठत नाही, मैत्रीण कितीही गोड असली तरी.

सोबतीने फरक पडतो हे काही तुमच्या मनाचे खेळ नाहीत. नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये सायकल शर्यतींच्या नोंदी चाळल्या. नुसत्या घड्याळाशी झुंजणाऱ्या स्वारापेक्षा दुसऱ्याच्या सोबतीने पळणारा स्वार वेगात जातो, हे त्याला दिसलं. मग त्याने मुलांना मासेमारीच्या गळाची रिळं फिरवायला दिली, एकदा एकट्याने आणि एकदा जोडीने. जोडीत बऱ्याच मुलांचे हात जास्त भरभर चालले. काही मात्र गडबडून आणखी मागे पडली, हेही त्याने नोंदवलंय. पुढे १९२०च्या दशकात जर्मनीत ओटो कोलरने नौकानयन क्लबातल्या खेळाडूंना जोडीने वजन उचलायला लावलं. एकाने सोडलं की दोघांचं संपलं, अशी अट. त्यात जोडीतला कच्चा गडी एकटा असताना टिकायचा त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. आपल्यामुळे दुसऱ्याचं अडू नये, हे त्यामागचं एक मोठं कारण.

तेव्हा तुमचं काहीतरी खरोखर गेलंय, आणि ते आरशावरच्या चिठ्ठीने भरून निघणार नाही. पण नेमकं काय गेलं ते बघा. तुम्ही त्याला उत्साह म्हणताय. मला ते वेगळं दिसतं. मैत्रीण खाली येऊन उभी राहायची, म्हणजे वेळ ठरलेली. रस्ता ठरलेला. कुठून वळायचं, किती चालायचं, कधी थांबायचं, सगळं ठरलेलं. तुम्हाला फक्त बूट घालायचे होते. आता पहाटे डोळे उघडल्यापासून सगळं तुम्हीच ठरवायचं : आत्ता की दहा मिनिटांनी? बाहेर की घरात? चालू की त्या व्हिडिओतलं करू? पाठ जरा धरल्यासारखी वाटतेय, आज हलकं घेऊ का? एवढ्या प्रत्येक प्रश्नाला ‘उद्या’ असं उत्तर देता येतं. पहाटेचं मन म्हणजे सुटीवर जायच्या आदल्या दिवशीचा कारकून, समोर येईल तो अर्ज फेटाळायला बसलेला. त्याच्यापुढे अर्ज नेऊच नयेत.

ऑफिसात तुमचं काम मागे राहत नाही त्याचं कारणही हेच. तिथे वेळ, जागा आणि काम दुसऱ्या कोणी ठरवलेलं असतं.

म्हणून ठरवायचं ते आदल्या रात्री, लिहून. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय. त्याचं म्हणणं साधं आहे : ‘मी व्यायाम करणार’ हे पुरत नाही, ‘अमुक झालं की तमुक ठिकाणी मी हे करणार’ असं हवं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. आठवड्यातून निदान एकदा २० मिनिटं जोराचा व्यायाम करायचा, एवढंच काम. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही, त्यातल्या ३८ टक्क्यांनी तो केला. दुसऱ्याला व्यायामाचे हृदयाला होणारे फायदे वाचायला दिले, त्यातल्या ३५ टक्क्यांनी केला. तिसऱ्याने तेच वाचलं आणि शिवाय कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार ते लिहून दिलं. त्यातल्या ९१ टक्क्यांनी केला. मधला आकडा परत वाचा. स्फूर्तीच्या व्हिडिओंबद्दल माझं काय मत आहे ते त्यात आलं.

माझी वही कशी आहे ते सांगते. वर्ग घेते तेव्हा मला वही लागत नाही, समोर माणसं असतात. माझा स्वतःचा व्यायाम मी एकटीच करते आणि तो वहीशिवाय होत नाही. साधी चौकटीची वही, तिला पेन दोऱ्याने बांधलेलं, कारण पेन शोधण्याच्या निमित्तानेही व्यायाम टळतो. रात्री झोपण्यापूर्वी पान भरायचं :

‘दात घासले की चटई. बैठका १०, तीनदा. टेबलाच्या कडेवर हात ठेवून पुश-अप्स ८, तीनदा. प्लँक ३० सेकंद, दोनदा. संपलं. नाहीच जमलं तर : बैठका १०, बस.’

(प्लँक म्हणजे कोपर आणि पायाची बोटं टेकून अंग फळीसारखं ताठ धरणं.) यात ‘दात घासले की’ महत्त्वाचं. घड्याळातले सहा निसटतात, दात घासणं निसटत नाही. ‘संपलं’ हा शब्दही मी मुद्दाम लिहिते. वर्गात थांबायचं कधी ते शिक्षक सांगतो. एकट्या माणसाला शेवट दिसत नाही, म्हणून तो सुरुवातच करत नाही. आणि खालची ओळ वाईट दिवसासाठी. तुमच्या बाबतीत ती ‘बूट घालून कोपऱ्यापर्यंत आणि परत’ अशी असू शकते. कोपऱ्यापर्यंत गेलेलं माणूस बहुतेक वेळा पुढे जातंच. नाही गेलं तरी चालेल, त्या दिवसाचं ठरलेलं झालंय. ही ओळसुद्धा रात्रीच लिहायची, पहाटे सूट द्यायची नाही.

व्यायाम झाल्यावर पानाच्या कोपऱ्यात एकच आकडा टाका : शून्य म्हणजे नुसतं बसणं आणि दहा म्हणजे जीव तोडून, तर आज किती? मध्यम व्यायाम साधारण पाच-सहावर असतो. मैत्रिणीबरोबर हा आकडा लागायचा नाही, कारण तुम्ही बोलत होता. बोलताना धाप लागली की पाय आपोआप हळू पडायचे. एकट्याने ते मापच हरवतं आणि माणूस एक तर रेंगाळतो नाही तर चेकाळल्यासारखा सुटतो. यावर माझा उपाय म्हणजे पाढे. चालताना एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणून बघा. न अडखळता म्हणता आला पण गाणं म्हणायला दम पुरत नसेल, तर वेग बरोबर. दोन आकड्यांनंतरच श्वास घ्यावा लागत असेल तर जास्त होतंय. (एकोणतीसचा येत नसेल तर ती वेगळी तक्रार, तिला माझ्याकडे औषध नाही.)

हे माप जपायला मी का सांगते? एकट्याने करणारी बरीच माणसं पहिल्या आठवड्यातच सहन होईल त्याच्या पुढे जातात. दम फारच लागायला लागला की व्यायाम नकोसा वाटू लागतो, आणि तो नकोसेपणा दुसऱ्या दिवशी पहाटे बरोबर आठवतो. शेवट हलका ठेवा. सुरुवातीला जोर आणि मग उतरत जाणारा व्यायाम माणसांना जास्त सुखाचा वाटतो, असं २०१६ च्या एका प्रयोगात दिसलंय. तुम्हाला मध्ये खंड पडलाय, तेव्हा पहिले दोन आठवडे पूर्वीच्या निम्म्याच वेळ चाला. राग आला तरी निम्माच.

सवय २१ दिवसांत लागते असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेलच. त्याचं मूळ एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या निरीक्षणात आहे, आणि ते शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णांना सवय होण्याबद्दल होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या नोंदी घेतल्या. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसामाणसांतला पल्ला १८ पासून २५४ पर्यंत. पाणी पिण्यासारख्या सवयी लवकर लागतात, व्यायामाची उशिरा. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही, हेही त्यांनाच दिसलं.

आणि मैत्रीण बदलून गेलीय, बोलणं बंद झालेलं नाही ना? मग दोघींनी ठरवा : झाल्यावर एकच शब्द पाठवायचा, ‘झालं’. तिने नुसतं बघायचं. ‘शाब्बास’ नको, ‘आज का नाही’ तर मुळीच नको. आठवड्यातून एकदा दोघींनी आपापल्या गावी चालताना फोनवर गप्पा मारा, त्या दिवशी पाढ्यांना सुटी.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. जिमला जाणं जमत नाही म्हणून घरी बेंच, बार आणि प्लेट्स घेतल्या. पहिले दोन महिने उचलायचं वजन भराभर वाढलं, आता अडकलंय. शेजारी ‘आणखी एक!’ म्हणणारं कोणी नाही, त्यामुळे सेट मध्येच सोडतो. बेंच प्रेसला (बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलताना) बार अंगावर राहील अशीही भीती वाटते. काय करू?

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. ती भीती शहाणी आहे, तिला घालवू नका. वर धरणारं कोणी नसताना बारखाली अडकणं हा खरा धोका आहे. रॅक, म्हणजे बार ठेवायची उभी चौकट, असेल तर त्याचे आडवे सुरक्षा-दांडे अशा उंचीवर लावा की छाती फुगवून पाठीला कमान दिलीत तर बार छातीला टेकेल आणि पाठ सपाट केलीत तर दांड्यांवर बसेल. रिकाम्या बारने आडवं होऊन हे करून बघा, डोळ्यांच्या अंदाजाने नको. गळा मोकळा राहतोय ना, तेही तपासा. रॅक नसेल तर एकट्याने जड बारची बेंच प्रेस करूच नका. डंबेल घ्या, ते बाजूला सोडता येतात. नाहीतर पाठीवर पिशवी घेऊन पुश-अप्स काढा. प्लेट्स जागेवर धरणारी क्लिप न लावता बार एका बाजूला कलंडवून प्लेट्स घसरवता येतात हे तुम्ही ऐकलं असेल. तो जीव वाचवायचा शेवटचा मार्ग आहे. एका बाजूच्या प्लेट्स पडल्या की दुसरी बाजू दणकन खाली येते. आणि अंगठा बारभोवती घ्या. अंगठा सोडून धरलेला बार तळव्यावरून निसटला की पुढचं सांगायला नको.

‘आणखी एक’ म्हणणारा नाही हे तर एकट्यासाठी बरंच आहे. एकट्याने शेवटच्या थेंबापर्यंत जायचं नसतं. आणखी दोनदा उचलता आलं असतं असं वाटतंय, तिथे बार ठेवायचा. पण ‘वाटतंय’वर सोडलं की तुम्ही म्हणता तसं मध्येच ठेवला जातो, म्हणून आकडा आधी कागदावर हवा. तीन सेट, प्रत्येकात ८ वेळा उचलायचं. पुढच्या वेळी ९, ८, ८. असं करत तिन्ही सेट १२ वर आले की दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो चढवायचं आणि परत ८ वर यायचं. ‘आज अंगात आहे’ म्हणून मध्येच पाच किलो चढवायचं नाही, आणि ‘आज नाही’ म्हणून उतरवायचंही नाही, दुखत असल्याशिवाय.

वजन अडकलंय म्हणता, ते बहुधा अडकलेलं नाही, नेहमीच्या गतीवर आलंय. पहिल्या आठवड्यांतली वाढ मोठ्या प्रमाणात मज्जासंस्थेची असते, आहे तेच स्नायू एकत्र कामाला लावायला शरीर शिकतं. स्नायू वाढायला जास्त वेळ लागतो. पहिल्या दोन महिन्यांच्या वेगाची चटक लागली की तिसरा महिना रटाळ वाटतो, आणि घरची बेंच कपडे टाकायची जागा होते ती याच सुमारास.

दोन बारीक गोष्टी. सेटच्या मधली विश्रांती दोन-तीन मिनिटांची, टायमर लावून. फोन हातात घेतलात की तीनाची दहा होतात आणि अंग गार पडतं. त्यापेक्षा तो फोन बाजूला उभा करून महिन्यातून एकदा सेटचं चित्रण करा. मान, कोपर आणि मनगट कुठे जातात ते आरशात दिसत नाही, त्यात दिसतं.

प्रश्न : माझ्या ॲपमध्ये सलग दिवसांची साखळी असते. ती तुटली की मी सगळंच सोडून देते, परत महिनाभर हात लावत नाही. उपाय?

उत्तर : रोजचा हिशेब बंद करा, आठवड्याचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दिलेलं माप आठवड्याचंच आहे : मध्यम व्यायाम १५० ते ३०० मिनिटं, किंवा जोराचा ७५ ते १५० मिनिटं, आणि त्याखेरीज आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. सलग १० मिनिटं झाली तरच धरायची, ही जुनी अट त्यांनी काढून टाकलीय. बुधवार गेला तर शनिवार आहे.

चार दिवसांच्या खंडाने कमावलेलं जात नाही. दम कमी व्हायला लागतो तो साधारण दोन आठवड्यांनी, ताकद त्याहून जास्त टिकते. साखळी तुटल्याचं दुःख फक्त ॲपला होतं, स्नायूंना त्याचा पत्ता नसतो. रोज दहा हजार पावलं चालायच्या उद्दिष्टाचंही तसंच. तो आकडा जपानमध्ये १९६५ च्या सुमारास विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. आकडा वाईट नाही, पण ९,४०० झाली म्हणून रात्री अकरा वाजता घरात येरझाऱ्या घालणाऱ्या बायका मला माहीत आहेत. झोपा.

प्रश्न : कॉलेजात आहे, वय १९. एकट्याने धावताना प्रचंड कंटाळा येतो. मालिका किंवा गोष्टी ऐकत धावलं तर चालतं का? मित्र म्हणतात लक्ष विचलित होतं.

उत्तर : चालतं, आणि त्यातही एक युक्ती आहे. ऐकायला खूप आवडेल असं काहीतरी निवड आणि ते फक्त धावतानाच ऐक, एरवी अजिबात नाही. कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हेच केलं. उत्कंठेच्या गोष्टींचं ध्वनिमुद्रण काही जणांना फक्त जिममध्येच ऐकू दिलं, तर सुरुवातीला त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त झाल्या. मग सुटी आली आणि सुटीनंतर हा फरक विरला. म्हणजे सुटीच्या आधी गोष्ट अशा जागी थांबव की पुढे काय झालं ते कळल्याशिवाय राहवणार नाही.

रस्त्यावर एक कान मोकळा ठेव, यावर वाद नको. वेगाच्या सरावाच्या दिवशी मात्र मित्रांचं ऐक. तेव्हा श्वासाकडे आणि पावलांकडे लक्ष हवं, गोष्ट घरी राहू दे.

प्रश्न : वय ६८. पत्नी गेल्यापासून एकटाच राहतो. पूर्वी आम्ही दोघं सकाळी व्यायाम करायचो. आता मुलं म्हणतात, घरात कोणी नसताना करू नका, पडाल.

उत्तर : काका, मुलांची काळजी रास्त आहे, पण न करण्याने पडायची शक्यता वाढते, कमी होत नाही. तुमच्या वयाला जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम करायला सांगते, तेही पडू नये म्हणूनच. मात्र रक्तदाब, हृदय, चक्कर यांपैकी काही असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि करताना छातीत दाब किंवा अंधारी आली तर तिथेच थांबा.

फोन खिशात ठेवायचा, टेबलावर नाही. दाराला आतून कडी नको, एक किल्ली शेजारी असू द्या. मुलाला ठरलेल्या वेळी ‘सुरू’ आणि ‘झालं’ असे दोन निरोप पाठवत जा, म्हणजे त्याला विचारायला फोन करावा लागणार नाही आणि तुम्हाला रोज रागवून घ्यावं लागणार नाही. पत्नी असताना मोजायचं काम कोणाकडे होतं मला माहीत नाही, आता मोठ्याने मोजा. श्वास कोंडला जात नाही.

सुरुवात खुर्चीवरून उठण्या-बसण्याने करा, हात न टेकता जमलं तर उत्तम, नाही तर टेकून, दहा वेळा. मग खुर्चीच्या पाठीला धरून टाचा वर, दहा वेळा. मग तशीच पाठ धरून एका पायावर दहा आकडे, नंतर दुसऱ्या. तोल जायला लागला की पाय टेकायचा, हट्ट नाही. मोज्यांवर करू नका, अनवाणी किंवा बुटांनी करा. खुर्ची जड लाकडी घ्या आणि भिंतीला टेकवून ठेवा, चाकांची किंवा प्लास्टिकची हलकी खुर्ची नको.